एका दिवसाची वाट, पाच दिवसांत

पुण्याहून वाई, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, महाडवरून वरंधा घाट चढून भोरमार्गे पुन्हा पुणे. हौशी मंडळी पहाटे निघून हा फेरा रात्रीपर्यंत पुरा करतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्हां दोघांना त्याला पाच दिवस लागले, आणि ह्या पाच दिवसांत आमची जुनी वॅगन-आर एकदाही बिघडली नाही. उशीर सगळा आमचाच होता आणि तो आम्ही ठरवून केला होता.

ठरवलेल्या गोष्टी दोनच. जिथे ओळखीचे दार नाही तिथे मुक्काम करायचा नाही, ही पहिली. दुसरी आम्ही निघेपर्यंत एकमेकांशीही स्पष्टपणे बोललो नव्हतो. पोलादपूरच्या बाजूला सावित्रीच्या खोऱ्यात आमचा एक मित्र राहतो. आमच्यापैकी एकाचा तो पुण्यातल्या वसतिगृहातला खोलीसोबती. पुढे गावी जाऊन त्याने हायस्कूलात तीस वर्षे मराठी शिकवले. त्याची वाडी २०२१ च्या पावसानंतर धोकादायक वाड्यांच्या यादीत गेली. तेव्हापासून त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती. त्याच्यापर्यंत जायला सरळ रस्ता आहे. आम्ही लांबचा घेतला, वाटेत आणखी दोन घरे केली, आणि ह्याला सहल म्हटले.

आम्ही दोघेही आयुष्यभर महाविद्यालयांत साहित्य शिकवत आलो. त्यामुळे कुठेही निघालो की प्रवासवर्णनांचे भूत मानगुटीवर बसतेच. मराठी प्रवासवर्णनात डोंगर ‘दृश्य’ म्हणून फार उशिरा येतो. १८५७ च्या सुमाराला वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फिटावे म्हणून उत्तरेकडे गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ साली. त्या माणसाला वाटेतला डोंगर चढायचा आणि उतरायचा असतो. थांबून बघायला त्याच्याजवळ सवड नाही आणि तसे कारणही नाही. बघण्यासाठी थांबणारा प्रवासी आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. तो आला हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः त्याच जातीचे. पण ह्या नव्या प्रवाशाच्या लेखनातून यजमान गळाला हे मात्र आम्हांला नेहमी खटकते. सूर्योदयाला दोन पाने मिळतात, आणि ज्या घरात आदल्या रात्री झोपलो तिथे भाकऱ्या कोणी भाजल्या ह्याला अर्धी ओळही नाही. असो.

वाईचे स्नेही आमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालू लागले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते आणि १९७६ मध्ये पहिला खंड बाहेर आला, तो काळ त्यांनी जवळून पाहिलेला. पुढे स्वतःही ते नोंदी लिहीत राहिले. ‘नोंदीत विशेषण आलं की हात आखडायचा,’ हे त्यांचे आवडते वाक्य. त्यामुळे त्यांच्यासमोर पांडवगडावर पडलेल्या उन्हाचे वर्णन करायची सोय नाही. संध्याकाळी ते आम्हांला गंगापुरीच्या घाटावर घेऊन गेले. कृष्णेला पाणी बेताचेच होते. पायऱ्यांवर दोन बायका वाकळ धूत होत्या, वरच्या अंगाला ढोल्या गणपतीचे देऊळ, आणि काठाने येणारा थंड वारा. कोणी काही बोलत नव्हते. ते बरेच झाले.

‘घाट’ ह्या शब्दावर मात्र ते बोलले, कारण शब्दावर बोलायला त्यांना बंदी नाही. वाईत घाट म्हणजे पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. कृष्णाबाईचे उत्सव ह्या घाटांवर पाळीपाळीने होतात. गावाबाहेर पडून पसरणीला लागले की तोच शब्द चढू लागतो आणि डोंगरातल्या वाटेला लागू होतो. कोकणातला माणूस ‘घाटावर गेला’ म्हणतो तेव्हा त्याला नुसती वाट अभिप्रेत नसते, वरचा सगळा मुलूख असतो. आणि मुंबईत ह्याच शब्दाची शिवी होते. इंग्रजांनी वाटेचे नाव उचलले आणि सबंध रांगेला देऊन टाकले. आता कवितेत आणि शाळेच्या समूहगीतात सह्याद्री असतो, अहवालात पश्चिम घाट. माधव गाडगीळांच्या समितीचा २०११ चा अहवाल असो की युनेस्कोने २०१२ मध्ये ह्या रांगेतली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली ती यादी असो, तिथे पश्चिम घाटच. ‘म्हणजे आपण अभिमान बाळगतो एका डोंगराचा आणि वाचवायला निघतो दुसराच,’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या विशेषणविरहित शिस्तीत कसे बसले कोण जाणे.

वाईत दोन रात्री राहिलो. एक सकाळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात आणि वाड्यामागच्या नदीकाठी गेली. दुपारी वहिनींनी आम्हांला अंगणात बसवून वाल सोलायला लावले. निघताना त्यांनी विचारले, ‘पोलादपूरला जाताय ना? त्यांना सांगा, वर पाऊस लागला की आम्हांलाही झोप नसते.’ त्या म्हणाल्या ते किती अक्षरशः खरे आहे हे पुढे कळायचे होते.

पसरणीचा घाट आम्ही सावकाश चढलो. आमच्यापैकी जिला गाडी चालवता येते ती घाटात बोलत नाही आणि ज्याला येत नाही तो घाटातच जास्त बोलतो. पस्तीस वर्षांच्या संसारात हा करार न लिहिता पाळला गेला आहे. पाचगणीला न थांबता आम्ही भिलारला वळलो. राज्य शासनाने मे २०१७ मध्ये हे ‘पुस्तकांचे गाव’ केले. घराघरांत, देवळांत, शाळेत साहित्यप्रकारांप्रमाणे पुस्तके ठेवली. सुरुवातीला अशी २५ ठिकाणे होती आणि पंधरा हजारांच्या आसपास पुस्तके. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारी एका ओसरीवर आम्ही दोन तास वाचत बसलो. घरातल्या आजीबाई मधूनमधून येऊन आम्ही अजून आहोत ना हे बघून जात. पुस्तकांपेक्षा वाचणारी माणसेच त्यांना प्रेक्षणीय वाटत असावीत, आणि त्यांत काही चूक नाही.

महाबळेश्वरात आमच्या ओळखीचे कोणी नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे मुक्काम नाही. जेवलो आणि क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. बाजारपेठ ते जुने क्षेत्र ह्या वाटेवर पॉइंटांच्या पाट्या लागत राहतात. एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन, आर्थर सीट. जनरल लॉडविक १८२४ मध्ये इथे आला. पुढे गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. ह्या साहेबांनी डोंगराच्या कडेवरची एकेक जागा निवडली आणि तिथून बघायचे ठरवून दिले. आपण आजही तिथूनच बघतो, त्याच कठड्याला टेकून, त्याच दिशेला. नावे बदलावीत असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. पण ‘पॉइंट’ हा प्रकार मोठा विलक्षण आहे. तिथून दरी दिसते आणि दरीत राहणारा माणूस दिसत नाही. इतक्या उंचीवरून तो दिसायचा नाहीच. सह्याद्रीवर इतके लिहिले गेले, पण दरीतून वर पाहून लिहिलेले फार थोडे आढळते.

क्षेत्रातल्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते असे मानतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडे जातात. सावित्री आणि गायत्री पश्चिमेकडे. कृष्णा चौदाशे किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री कडा उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटपाशी अरबी समुद्रात संपते. तिचा सगळा प्रवास शंभर-सव्वाशे किलोमीटरांत आटोपतो. वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या ह्या माथ्यावर पडलेल्या पाण्याला एका बाजूला वेळ आहे, दुसऱ्या बाजूला नाही. २२ जुलै २०२१ ला आणि त्या रात्री इथे चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरांच्या जवळपास पाऊस झाला. वाईच्या वहिनींना झोप का नसते ते गोमुखासमोर उभे राहिल्यावर समजले. पाऊस एकच होता; तो दोन्हीकडे उतरला.

आंबेनळी घाटातून उतरताना प्रतापगड दिसू लागतो. गडावर गेलो नाही. चारही गुडघ्यांनी एकमताने नकार दिला. पण इथून खाली पारच्या दिशेने बघताना एक गोष्ट लक्षात आली. १६५९ मध्ये अफझलखान वाईहूनच निघाला होता आणि सैन्यासह रडतोंडीच्या घाटाने जावळीच्या अरण्यात उतरून पारला आला. १० नोव्हेंबरला पुढचे सारे झाले. आमचा मार्ग थोडाफार तोच. रडतोंडी! वाटेला हे नाव देणारा माणूस कठड्याला टेकून उभा राहिलेला नाही. डोक्यावर ओझे घेऊन तो ती वाट चढला आहे. एकीकडे आर्थर सीट आणि दुसरीकडे रडतोंडी. वर्गात कधी ‘दृष्टिकोन’ ही संकल्पना शिकवायची वेळ आली तर ही दोन नावे फळ्यावर लिहून गप्प बसावे.

घाटात ठिकठिकाणी नव्या संरक्षक भिंती आहेत. २०२१ च्या जुलैत हा रस्ता जागोजागी खचला आणि बराच काळ बंद होता. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही त्या दिवशी दरडींनी माणसे गेली. पुण्यात आम्ही हे टीव्हीवर पाहत होतो आणि मित्राचा फोन लागत नव्हता. तो तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी लागला तेव्हा त्याने आधी विचारले, ‘तुमच्याकडे पाऊस कसा आहे?’

वाडीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. भात कापून झाले होते. खळ्यावर झोडणी चालू होती, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जात होत्या. अकरा घरे, मागे लगेच डोंगर. नोव्हेंबरातले गवत पिवळे पडू लागलेले, त्यात मधेच कातळाचे काळे पट्टे, आणि उतरते ऊन बरोबर त्या उतारावर. ह्या पाच दिवसांत जे काही पाहिले त्यात सर्वांत सुंदर तोच डोंगर होता. हे सांगायला हवे, कारण सांगितले नाही तर ते खोटे होईल. आमच्यापैकी एकाच्या तोंडून ‘काय सुंदर आहे रे’ असे निघूनही गेले. मित्र म्हणाला, ‘आहेच.’ आणि मग शाळेतल्या मास्तरच्या सवयीने बोट करून समजावू लागला. तो वरचा पट्टा मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा. त्याखाली कातळ. पावसात माती पाणी पीत राहते, जड होत जाते. कातळ पाणी आत घेत नाही. पाणी दोहोंच्या मधे साचते आणि मातीला बूड राहत नाही. ‘तिथे, त्या उंबराच्या वर, भेग पडली होती. हात जाईल एवढी. आता गवतानं झाकली आहे. म्हणून सुंदर दिसतं.’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा मुळीच नव्हता. व्याकरण शिकवताना तो असाच बोलत असेल.

पावसाळ्यात इशारा आला की वाडी शाळेत जाऊन झोपते. शाळा मोकळ्या माळावर आहे. बायका भांडी नेतात, म्हातारी माणसे खाटेवरून जातात, गुरे सोडून देतात. गेल्या पावसाळ्यात अशा नऊ रात्री झाल्या. पुनर्वसनासाठी जागा पाहिली गेली आहे, मोजणी झाली आहे, कागद फिरत आहेत. ह्याबद्दल तो फारसे बोलला नाही आणि आम्हीही खोदून विचारले नाही.

त्याची आई नव्वदीला टेकलेली. आम्हांला ओळखले, म्हणजे निदान ‘पुण्याची’ एवढे ओळखले. रात्री तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचे पिठले आणि सुक्या जवळ्याची चटणी. भाकऱ्या वहिनींनी भाजल्या, आमच्यापैकी एकीने थापायचा प्रयत्न केला आणि तिला प्रेमाने चुलीपासून दूर बसवण्यात आले. मग जेवण झाल्यावर, पडवीत, जे सांगायला आलो होतो ते सांगितले. पुण्यात आमचे वरचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड मोकळे आहे. मुलगा परदेशी असतो, तो काही परत येत नाही. जून ते सप्टेंबर तिघांनीही तिथे राहावे, पुढचे पुढे. हे आम्ही महिनाभर घोकले होते, तरी बोलताना वाक्ये मागेपुढे झालीच.

तो बराच वेळ गप्प होता. वहिनी आत भांडी आवरत होत्या. त्यांचाही आवाज थांबला.

‘वहिनी,’ तो आमच्यापैकी एकीला म्हणाला, कारण अशा वेळी तो जुन्या मित्राशी बोलत नाही, ‘तुम्ही म्हणालात हे फार झालं. पण वाडीतला शिकलेला मी एकटा. मी गेलो की बाकीच्यांनाही जावंसं वाटेल, आणि त्यांना जायला पुणं नाही. यादीचा, मोजणीचा कागद आला की वाचून दाखवायला कोण राहील?’ आणि जरा थांबून, ‘आईला तर शाळेत नेतानाच ती विचारते, घर कोणाच्या भरवशावर टाकलंत.’

ह्यावर उत्तर नव्हते. वाद घालता आला असता. आम्ही दोघेही तीस वर्षे वाद घालूनच पगार घेतला आहे. आम्ही घातला नाही. थोड्या वेळाने तो आत गेला आणि एक पत्र्याची ट्रंक ओढत घेऊन आला. वर सातबाऱ्याचे उतारे, मुलांचे दाखले, लग्नातला एक फोटो. खाली फुलस्केपच्या तीन जाड वह्या. १९७८ पासून तो आईच्या आणि वाडीतल्या इतर बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरून घेत आला आहे, हे आम्हांला माहीत नव्हते. चाळीस वर्षांच्या मैत्रीत त्याने एकदाही उच्चार केला नव्हता. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, ते काम त्याला ठाऊक होते. ‘त्यांना पाठवायच्या होत्या. मग वाटलं, अजून थोड्या होऊ देत. मग जातीच गेली घरातून.’

वह्या आम्ही कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली चाळल्या. प्रत्येक ओवीखाली गाणारीचे नाव, माहेर, आणि तारीख. एक गोष्ट पानापानावर दिसत होती. ओव्यांत डोंगर भरपूर आहे आणि तो कुठेही सुंदर नाही. तो माहेराच्या आड येतो. भाऊ त्याच्यापलीकडून यायचा असतो, तो उतरताना दिसतो की नाही एवढ्यासाठी त्याच्याकडे डोळे लागतात. गोडसे भटजींना डोंगर ओलांडायचा होता; ह्या बायकांना तोही ओलांडता येत नव्हता. त्या खालून वर बघत होत्या. महाबळेश्वरला आम्ही ज्याचा शोध नाही म्हणत होतो ते लेखन ह्या ट्रंकेत होते, आणि ती ट्रंक त्या उताराच्या पायथ्याशी पडवीत होती.

‘कागद तुमच्याकडे राहू देत,’ तो म्हणाला. ‘माणसं शाळेत चालत जातील. ट्रंक कोण उचलणार?’

सकाळी निघालो. त्याने दहा किलो नवे तांदूळ गाडीत टाकले, त्यावर ट्रंक. महाडच्या अलीकडे सावित्रीवरचा पूल ओलांडला. जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, त्यासोबत दोन एस.टी. बसही, हा नवा २०१७ मधला. नदी आता पायाचा घोटा बुडेल एवढी होती आणि काठावर म्हशी बसल्या होत्या. वरंधा घाटाबद्दल काही लिहीत नाही. तो सुंदर आहे, आणि त्या दिवशी आमच्यापैकी जो घाटात बोलतो तोही बोलला नाही.

भोरला एका जुन्या विद्यार्थिनीकडे शेवटचा मुक्काम. तिची मुले ट्रंकेवर चढून बसली. आम्ही ती रात्री गाडीत न ठेवता आत घेतली. पुण्यात आणल्यावर तिला जागा मिळेना. पलंगाखाली जात नव्हती, शेवटी पुस्तकांच्या कपाटासमोर ठेवली. त्यामुळे आता खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके काढता येत नाहीत.

संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘पोचली का?’ म्हणाला. पोचलात का असे नाही. पोचली म्हणून सांगितले. ‘वह्यांत डांबराच्या गोळ्या टाका, वाळवी धरेल. आणि शेवटची वही कोरी आहे अर्धी. मे महिन्यात येताना घेऊन या. आईला काल रात्री तुमच्यामागे आणखी दोन आठवल्या.’